सोनकी आणि मायघराची वही

सोनकीच्या झोपडीला दार नव्हतं. दाराच्या जागी एक गोणपाट टांगलेलं होतं आणि वारा सुटला की ते फडफडायचं, मग सगळा गारठा आत यायचा. आत सोनकीची आई खोकत पडलेली असायची. सोनकी बारा वर्षांची. अंगात विटका झगा, त्याच्या कोपरांवर ठिगळं, पायांत काहीच नाही. तिचे बाबा देवळांच्या भिंतींवर रंगाने अक्षरं काढायचे. ते देवाघरी गेले, पण जाण्याआधी त्यांनी लेकीला लिहायला-वाचायला शिकवलं होतं. ज्वारीच्या दाण्यांसारखी टपोरी, गोल, एकाला एक लागून बसलेली अशी सोनकीची अक्षरं होती.

रोज सकाळी आईला पेज पाजून सोनकी ओढा ओलांडायची आणि मायघराला जायची.

मायघर सोनसळी नदीच्या काठावर, जंगलाच्या कुशीत होतं. हळदीसारख्या पिवळ्या भिंती, मोरपंखी दारं, लालचुटुक कौलं. जत्रेत चुकलेली, पुरात ताटातूट झालेली, जगात कुणीच नसलेली एकेचाळीस चिमुकली लेकरं तिथे राहायची. नदीकाठच्या गावांतून कुणी तांदूळ पाठवायचं, कुणी दूध, कुणी मऊ जुनी लुगडी. द्वारकामावशी ते घर चालवायच्या. त्यांचे डोळे आता अधू झाले होते. माणूस दिसायचं, पण अक्षर दिसायचं नाही. म्हणून त्यांनी सोनकीला वही लिहायला ठेवलं होतं. रोज दोन भाकऱ्या आणि वाटीभर दूध मिळायचं. ते ती आईसाठी घरी न्यायची.

मायघराची वही चांगली जाडजूड होती. प्रत्येक लेकराचं एक पान. कोण कधी आलं, अंगावर काय होतं, कुठल्या घाटावर सापडलं, कोणाला शेंगदाण्याने अंगावर गांधी उठतात, कोण कशाला काय म्हणतं. शिवाय प्रत्येक लेकरू ज्या कपड्यांत आलं, त्या कपड्यांचं गाठोडं असायचं आणि त्या गाठोड्याला सोनकीच्या हातची चिठ्ठी. औषधांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या. अंथरुणांना चिठ्ठ्या. आणि पत्रं! 'आमच्याकडे अशी अशी मुलगी आहे, कुणाची असेल तर या,' अशी पत्रं लिहून ती नावाड्यांच्या हाती गावोगाव धाडायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत निळी बोटं आणि वाकलेली मान.

आणि खिडकीबाहेर, अंगणात, शेवंता असायची.

शेवंता पंधरा वर्षांची होती. ती मायघरातच वाढली होती. ती गाऊ लागली की अंगणातल्या चिमण्यासुद्धा दाणे टिपायच्या थांबायच्या. गोष्ट सांगू लागली की वाघ आला म्हणताच एकेचाळीस लेकरं एकदम एकमेकांना बिलगायची. 'शेवंताताई, शेवंताताई!' दिवसभर हेच. तिच्या केसांत मुलं रंगीबेरंगी फुलं खोचायची. तिच्यासाठी पेरूची सगळ्यांत गोड फोड राखून ठेवायची. पाहुणे आले की तिच्या गाण्याला डोळे पुसायचे आणि म्हणायचे, "ह्या मुलीमुळे घर कसं भरल्यासारखं वाटतं!"

सोनकी खिडकीतून हे सगळं पाहायची. तिच्या पोटात काहीतरी टोचायचं.

'मी नसते तर ह्यांची औषधं कुणी लिहिली असती?' ती मनाशी म्हणायची. 'हिचं काय, नुसतं गायचं! मलाही आलं असतं गाता. माझाच गळा मेला घोगरा.'

मुलं तिला नावानेसुद्धा ओळखत नव्हती. 'ती वहीवाली,' म्हणायची.

एक दिवस छोटासा मनू अंगणात धपकन पडला. गुडघा फुटला. सोनकी दोन पावलांवर होती. तिने वही टाकली आणि हात पसरून धावली, "ये रे राजा, ये!" मनूने तिच्याकडे पाहिलं, तिच्या निळ्या बोटांकडे पाहिलं आणि भोकाड पसरून तिला वळसा घालून पार अंगणाच्या दुसऱ्या टोकाला शेवंताच्या कुशीत जाऊन पडला. शेवंताने फुंकर मारली. मनू हसला.

सोनकीचे पसरलेले हात तसेच राहिले. मग तिने ते हळूच खाली घेतले आणि ती मागच्या बागेत पळाली.

मागच्या बागेत गुलबक्षी होती, गोकर्ण होती, केशरी अबोली होती आणि त्यांच्या मधोमध गुरांसाठी एक जुनी दगडी डोणी होती, काठोकाठ पाण्याने भरलेली. दुपारचं ऊन नेमकं त्या पाण्यात उतरलं होतं. सोनकी डोणीच्या काठावर डोकं टेकवून हमसून हमसून रडली. रडता रडता तिला दिसलं, पाण्यात काहीतरी इवलंसं धडपडतंय.

'चतुर पडला वाटतं बिचारा,' असं म्हणून तिने झग्याच्या खिशातून टिपकागद काढला आणि अलगद त्या जिवाखाली सरकवून त्याला वर उचललं. टिपकागदाने पाणी शोषून घेतलं. पंख सुकू लागले. त्या पंखांतून जांभळा, हिरवा, सोनेरी असे रंग झरझर धावले, आणि सोनकी बघतच राहिली. तो चतुर नव्हता.

करंगळीएवढी परी होती ती. गोकर्णाच्या पाकळीचा निळाभोर झगा, केसांत अबोलीचं एकच पिटुकलं फूल आणि चेहऱ्यावर अशी झळाळी की जणू आत दिवा लावलाय.

"हा कागद फार छान आहे गं," परी म्हणाली. तिचा आवाज काचेच्या बांगड्या किणकिणाव्यात तसा होता. "अंगाला मुळीच टोचला नाही. नाव काय तुझं?"

"सोनकी."

"सोनकी, तू माझा जीव वाचवलास. तुझ्या तीन इच्छा मी पुऱ्या करीन. पण परीच्या इच्छांना नियम असतात हं. नीट ऐक." तिने इवलंसं बोट उभं केलं. "इच्छा स्वतःसाठीच मागायची. दुसऱ्यासाठी मागितलेली मला देता येत नाही. प्रत्येक इच्छेच्या बदल्यात तुझ्याजवळचं काहीतरी मी ठेवून घेणार, आणि काय ते मी ठरवणार. आणि दिलेलं नको वाटलं तर परत करता येईल, पण परत करायलाही एक इच्छा खर्ची पडेल. दुपारचं ऊन ह्या डोणीत असतं तेवढाच वेळ मी दिसते. सांग बघू, काय हवं?"

'आईचा खोकला बरा कर,' असं सोनकीच्या ओठांवर आलं होतं. पण ती इच्छा दुसऱ्यासाठीची झाली असती. आणि तेवढ्यात अंगणातून शेवंताचं गाणं ऐकू आलं, त्यापाठोपाठ एकेचाळीस लेकरांचं खळखळून हसणं.

पोटातलं ते टोचणं एकदम घशाशी आलं.

"मला शेवंताताईपेक्षा गोड गळा दे!" सोनकी म्हणाली. "मुलांनी माझ्याकडे धावत यावं. तिच्याकडे नाही!"

परीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "दिलं," ती हळूच म्हणाली आणि चमचमत दिसेनाशी झाली.

काय सांगावं पुढचं! सोनकी अंगणात आली आणि तिने नुसती 'या रे' म्हणून हाक मारली, तर जणू बासरीच वाजली. मुलांनी माना वळवल्या. सोनकी गाऊ लागली. चिमण्या आल्या, खारी आल्या, कौलांवर मोर येऊन बसला. मनू तर तिच्या मांडीवर चढून बसला तो उतरेचना. "सोनकीताई, अजून! सोनकीताई, अजून एक!" तिच्या केसांत फुलांचा नुसता ढीग झाला. शेवंता अंगणाच्या कडेला एकटीच उभी होती. तिचे हात रिकामे होते. सोनकीला ते दिसलं, आणि खरं सांगायचं तर तिला ते फार फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी तिने वही उघडली तेव्हा तिला कळलं, परीने बदल्यात काय ठेवून घेतलंय.

पानावर नुसती निळी वेटोळी होती. 'क' कुठला, 'म' कुठला, काही कळेना. लेखणी हातात धरली तर बोटं तिला ओळखेनात. इतकंच नाही, आजवर जे जे तिने लिहिलं होतं, ते ते अक्षरांबरोबर डोक्यातूनही पुसलं गेलं होतं.

सोनकी घाबरली. पण बाहेरून हाका येत होत्या, "सोनकीताई, ये ना!" तिने पटकन वही मिटली.

"मावशी, माझी बोटं फार दुखतात," ती खोटंच म्हणाली. "थोडे दिवस वही राहू दे?"

"राहू दे की," मावशी म्हणाल्या. "किती लिहितेस बाळ. आणि अलीकडे गातेस तरी किती गोड!"

वही मिटलेली राहिली. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. मनूला कुणीतरी शेंगदाण्याचा लाडू दिला, कारण त्याच्या ताटापुढची चिठ्ठी वाचून सांगणारं आता कुणी नव्हतं. त्याच्या अंगभर लाल गांधी उठल्या, आणि सगळी दुपार तो कण्हत राहिला. खोकल्याचं औषध पोटदुखीवाल्याला गेलं. नावाड्याने एक नवं तान्हं बाळ आणून दिलं आणि कुठल्या घाटावर सापडलं तेही सांगितलं. दोन दिवसांनी ते घाटाचं नाव एकालाही आठवेना. सोनकीने हे सारं पाहिलं. पाहिलं आणि ती आणखी मोठ्याने गायली.

नवव्या दिवशी दुपारी नदीवरून एक माणूस आला.

उंच, काळासावळा, डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी. तो मेंढपाळ होता. नाव त्याचं हैबती. त्याच्या हातात घामाने मऊ पडलेलं, घड्या घालून घालून चिरलेलं एक पत्र होतं.

"मावशी," तो हात जोडून म्हणाला, "तीन सालांमागं पुरात माझी राई वाहून गेली. वर्साची व्हती. तिची आय त्याच पुरात गेली. म्या लई हुडकलं. आन् आता ह्ये पत्र मला घावलं. आमच्या वाटंवरच्या गुरवानं वाचलं. म्हनला, तुझी लेक मायघरात असंल, जा. म्हनून धावत आलो."

मावशींनी पत्र हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. मग त्या म्हणाल्या, "सोनके, हे तुझंच अक्षर. वाच बाळ. कुठल्या मुलीचं आहे हे पत्र?"

सोनकीने पत्र घेतलं. तिचेच हात, तिचीच शाई. आणि त्या वेटोळ्यांतून एक शब्दही तिला दिसेना. तिच्या गोड गळ्यातून आवाजच फुटला नाही.

"त्या पुराच्या आठवड्यात एकदम सात बाळं आली होती, सातही मुली," मावशी कपाळाला हात लावून म्हणाल्या. "सगळ्या वर्षाच्या आतबाहेर, सगळ्या चिखलाने माखलेल्या. गाठोडी आणा गं!"

शेवंता धावत गेली आणि गाठोडी घेऊन आली. हैबतीने एकेक सोडलं. चौथ्यातून लोकरीचं एक छोटुकलं घोंगडं निघालं, काळं, काठाला पांढरे त्रिकोण. त्याने ते तोंडाशी धरलं, आणि तो एवढा थोरला माणूस लहान मुलासारखा रडू लागला.

"ह्ये तिच्या आयनं विणलं व्हतं! ह्येच ते! कुनाचं हाय ह्ये? कुटं हाय माझी राई?"

गाठोड्याला चिठ्ठी होती. सोनकीच्या हातची, टपोऱ्या अक्षरातली. मावशींना ती दिसत नव्हती. शेवंताने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि खाली मान घातली, कारण तिला वाचता येत नव्हतं. आणि सोनकी मागे मागे सरकत होती.

तेव्हा हैबती त्या सात मुलींपुढे गुडघ्यांवर बसला. पहिलीचा चेहरा ओंजळीत धरून त्याने विचारलं, "तू माझी राई का गं?"

"हो," ती पिटुकली म्हणाली. "मीच."

"मीच राई आहे!" दुसरी ओरडली.

"ती नाही, मी! बाबा, मी!" तिसरीने त्याचा सदरा धरला. चौथी त्याच्या गळ्यातच पडली. सहा जणी त्याला बिलगल्या, सहाही जणी 'बाबा, बाबा' म्हणत होत्या. सातवी, ठकी नावाची, मुळीच न बोलणारी, चिंचेखाली बोट तोंडात घालून उभी होती.

हैबतीने मावशींकडे पाहिलं. "काय करू? नाव घडीभरात सुटती. मेंढरं पल्याड हाईत, म्हातारी एकलीच राखती. उद्या कळप घाटापल्याड चालला. मंग सालभर हिकडं येनं न्हाई."

"अंदाजाने लेकरू कसं देऊ रे बाबा?" मावशी रडत म्हणाल्या. "चुकलं तर दोन घरं उजाड होतील. जवळपास वाचणारं दुसरं कुणी नाही."

सोनकीच्या केसांत तेव्हासुद्धा फुलं होती. तिने ती दोन्ही हातांनी उपटून टाकली आणि ती मागच्या बागेकडे पळत सुटली.

ऊन अजून डोणीत होतं, पण कडेला सरकलं होतं. "परी! परी गं! तुझा गळा घे परत! माझी अक्षरं दे, आत्ताच्या आत्ता दे!"

पाण्यावर सोनेरी तरंग उठला. परी काठावर येऊन बसली. "आठव हं, ह्याने तुझी दुसरी इच्छा खर्ची पडेल. मुलं पुन्हा शेवंताकडे जातील. चालेल?"

सोनकीने डोळे गच्च मिटले. मनूचा मऊ मऊ हात तिला आठवला. "नाही चालणार," ती रडत म्हणाली. "पण दे."

"दिलं," परी म्हणाली.

सोनकी परत आली तेव्हा तिचा श्वास फुलला होता आणि आवाज पहिल्यासारखा घोगरा झाला होता. तिने चिठ्ठी हातात घेतली. वेटोळी हलली, सरळ झाली, एकेक अक्षर ओळखीचं हसलं.

"पान सत्ताविसावं!" ती ओरडली. "ठकी! चिंचेखाली आहे ती. ठकीच तुमची राई!"

हैबती जागचा हललाच नाही. चिंचेखालची ती मुकी पोर त्याच्याकडे टकमक बघत होती. तो पुढे गेला तर ती घाबरून शेवंतामागे लपली. त्याचा चेहरा पडला.

"वळकत न्हाई मला," तो पुटपुटला. "म्या तरी कुटं वळकतो? एवडी झाली, आन् मला तिचं कायच म्हाईत न्हाई."

मग सोनकीने वहीचं सत्ताविसावं पान उघडलं आणि ती वाचू लागली. गळा घोगरा होता, मधेच चिरकत होता, पण अंगणात इतकी शांतता पसरली की नदी ऐकू येत होती.

"'आज पहाटे पिंपळघाटावरून नावाड्याने एक मुलगी आणली. काळ्या घोंगडीत गुंडाळलेली. दोन दात आहेत. रडत नाही, फक्त बघते.

'आज तिने पहिलं पाऊल टाकलं, विहिरीजवळ. सात पावलं चालली आणि धपकन बसली. स्वतःच टाळ्या वाजवल्या.

'आज ताप होता. मावशींनी रात्रभर मांडीवर घेतलं. सकाळी भात मागून खाल्ला.

'ही बोलत नाही. पण शेळी दिसली की जीभ टाळूला लावून टर्र्र, टर्र्र असा आवाज करते. कुणी शिकवला कळत नाही. चौकशी करावी.'"

हैबतीने सोनकीला तिथेच थांबवलं. त्याने जीभ टाळूला लावली. "टर्र्र! टर्र्र हा!"

शेवंतामागून एक छोटंसं डोकं बाहेर आलं. "टर्र्र," ठकी म्हणाली. आणि मग, जी तीन वर्षं एक शब्द बोलली नव्हती ती ठकी दुडूदुडू चालत त्याच्यापाशी आली आणि घोंगडीच्या काठाला तिने गाल लावला.

त्याने तिला उचललं. मग सोनकीला म्हणाला, "बाय, ती सात पावलं पुन्यांदा वाच. म्या नव्हतो ना तवा."

सोनकीने पुन्हा वाचलं. मग पुन्हा एकदा. तीन वर्षांचं ते पान तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं, आणि मग वहीतून ते अलगद फाडून, घडी घालून त्याच्या हातात दिलं. हैबतीने मुंडाशाच्या पदरात ते बांधून घेतलं. दुपारच्या नावेत राई आपल्या बाबांच्या खांद्यावर बसून गेली. उरलेल्या सहा जणी काठावर उभ्या राहून हात हलवत राहिल्या. मग त्या रडू लागल्या, आणि शेवंताने त्यांना जवळ घेऊन गाणं म्हटलं. सगळी मुलं तिच्याभोवती गोळा झाली. मनूसुद्धा.

सोनकी बघत होती. टोचत होतं. अजूनही टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनकी नव्या बाळाच्या चौकशीची चिठ्ठी लिहीत असताना शेवंता खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. ती कधी ह्या खोलीत येत नसे.

"सोनके, एक विचारू? हसणार नाहीस ना?"

"नाही हसणार."

"माझं पान आहे का गं वहीत? वाचशील?"

शेवंता आली त्या काळी सोनकी तान्हं बाळ होती. कपाटाच्या तळाशी जुनी वही होती, कसरीने खाल्लेली. कुणा जुन्या कारकुनाने लिहिलेली. सोनकीने पान शोधलं आणि वाचलं. पानावर एकच ओळ होती.

"'मुलगी. वय अंदाजे तीन. शेवंतीच्या दिवसांत आली, म्हणून नाव शेवंता. आणखी माहिती नाही.'"

"आणखी?"

"आणखी काही नाही, ताई."

शेवंता हसल्यासारखं करू लागली आणि तिला ते जमलं नाही. "काल तू ते वाचत होतीस ना, तेव्हा मला राईचा इतका हेवा वाटला! आणि तुझा तर रोजच वाटतो. मी गाते, ते वाऱ्यावर जातं. उद्या मुलं विसरतील. तू लिहितेस ते राहतं. माझ्या वेळी तू असतीस तर माझंही कुणी आलं असतं."

सोनकी तोंड उघडं टाकून पाहत राहिली. जिचा आपण इतकी वर्षं हेवा केला ती आपला हेवा करतेय! दुपार झाली, ऊन डोणीत उतरलं, तेव्हा जुनी वही छातीशी धरून ती बागेत उभी होती.

"शेवटची इच्छा," परी म्हणाली. "दार हवं का घराला? रेशमी झगा? की पुन्हा गोड गळा? नियम ठाऊक आहे ना, स्वतःसाठीच मागायची."

गोड गळा! सोनकीच्या मनात एक क्षण तो लखलखला. मग तिने जोराने मान हलवली.

"स्वतःसाठीच मागते," ती म्हणाली. "मी वही लिहिणारी. माझ्या वहीतलं एक पान अपुरं आहे, ते मला पुरं करायचं आहे. शेवंताताई आली तो दिवस माझ्या डोळ्यांना दिसू दे."

परीने पंख पसरले. इतकी गोड हसली ती! "नियम मोडला नाहीस, आणि तरी तुला हवं तेच मागितलंस. पण बदल्यात काहीतरी ठेवून घ्यावं लागेल. तुझ्या पोटात रोज टोचतं, ते देशील?"

सोनकी घुटमळली. इतक्या दिवसांची सवय होती. "सगळं?"

"थोडंसं ठेव हवं तर," परी म्हणाली. "दिलं."

डोणीचं पाणी आरशासारखं स्थिर झालं, आणि त्यात पिवळीधमक शेवंती फुललेली दिसली. सोनकी डोणीपाशी बसली आणि जे दिसेल ते लिहीत गेली. 'आंबेखोऱ्याच्या जत्रेची बैलगाडी. गाडीतून उतरून फुलपाखरामागे धावलेली मुलगी. हिरवी चोळी, पायात एकच वाळा. गर्दीत एक बाई वेड्यासारखी हाका मारते आहे. मुलगी दूर आहे, तिला ऐकू येत नाही. बाई हाक मारते: गजरा! गजरा!'

शेवटचं अक्षर उमटलं आणि परी हवेत उंच उठली.

"तुझ्या ह्या दौतीतली शाई कधी फिकी पडणार नाही," ती म्हणाली. "पाण्याने नाही, काळाने नाही. बाकी सगळं तुझ्याजवळ होतंच गं, सोनकी."

तिच्या पंखांतून प्रकाश सांडू लागला, आधी निळा, मग केशरी, मग इतका पांढराशुभ्र की गुलबक्षीची भर दुपारी मिटलेली फुलं चांदणं पडलं समजून उमलली. आणि त्या प्रकाशातच ती विरघळून गेली. पाण्यावर थोडा वेळ सोनेरी धूळ तरंगत राहिली, मग तीही गेली.

सोनकीने ते पान शेवंताला वाचून दाखवलं. नावापाशी आली तेव्हा शेवंता म्हणाली, "थांब." तिने ते नाव मनातल्या मनात म्हणून पाहिलं. मग हळूच तोंडाने म्हटलं. "गजरा. ती मला हाका मारत होती." आणि ती सोनकीच्या गळ्यात पडून रडली, आणि सोनकी तिच्या पाठीवरून आपली निळी बोटं फिरवत राहिली.

आंबेखोऱ्याला पत्र गेलं. तिसऱ्या आठवड्यात उत्तर न पाठवता एक पिकल्या केसांची बाई स्वतःच आली, आणि तिच्या मुठीत एक इवलासा वाळा होता. ती लेकीला न्यायला आली होती, पण एकेचाळीस लेकरांना पाहून मायघरातच राहिली आणि स्वयंपाक सांभाळू लागली. मावशींनी सोनकीला आणि तिच्या आईला वहीच्या खोलीशेजारची उबदार खोली दिली. दिवाळीच्या थंडीत हैबतीने दोन नव्या घोंगड्या धाडल्या, आणि सोनकीच्या आईचा खोकला हळूहळू बरा झाला.

गजरा अंगणात गाते तेव्हा सोनकीला अजून कधीकधी किंचित टोचतं. मग ती स्वतःशीच हसते आणि लेखणी शाईत बुडवते.

परवाच फाटकाशी नावाडी आला. त्याच्या बोटाला धरून एक गोरटेली, शेंबूड पुसत रडणारी मुलगी. सगळी मुलं धावली. गजरा सगळ्यांच्या पुढे होती. पण तिने गाणं म्हटलं नाही, गोष्टही सांगितली नाही. ती मागे वळून आधी ओरडली, "सोनके! वही घेऊन ये, लवकर!"

सोनकी आली. मुलीपुढे उकिडवी बसली. आपल्या घोगऱ्या आवाजात, अगदी हळू, तिने विचारलं, "तुला घरी काय म्हणतात गं, बाळ?"

रडणं थांबलं. मुलीने तिच्या निळ्या बोटांकडे पाहिलं, मग कोऱ्या पानाकडे, आणि ती आपलं नाव सांगू लागली.